बीचचे बोन्साय : वर्षातून एकदाच पालवणाऱ्या झाडाची निगा

गोव्यात ‘बीच’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे समुद्रकिनारा उभा राहतो. येथे ज्या बीचचा परिचय करून द्यावयाचा आहे, तो मात्र थंड प्रदेशातील वृक्ष आहे. युरोप आणि जपानमधील डोंगराळ अरण्यांचा फार मोठा भाग या वृक्षाने व्यापला आहे. गुळगुळीत राखाडी खोड, वसंतातील पोपटी पालवी, शरद ऋतूतील तांबूस-सोनेरी पर्णसंभार आणि हिवाळाभर फांद्यांना धरून राहणारी वाळकी पाने यांमुळे उथळ कुंडीतील बीच वर्षाच्या प्रत्येक ऋतूत वेगळा दिसतो. म्हणूनच जपानी आणि युरोपीय बोन्साय संग्रहांत त्याला मानाचे स्थान आहे.

मात्र हा वृक्ष सांभाळणाऱ्याची परीक्षा पाहतो. वड, नांद्रुक यांसारखी उष्ण प्रदेशातील झाडे वर्षभर अधूनमधून पालवत राहतात. बीच सामान्यतः वर्षातून एकदाच पालवतो. त्या दोन-तीन आठवड्यांत हात चुकला, तर दुरुस्तीची संधी पुढच्या वसंतातच मिळते. बीचच्या बोन्सायचे पाणी, खत, छाटणी आणि कुंडीबदल यांचे सारे वेळापत्रक या एका वस्तुस्थितीभोवती फिरते.

वृक्षाची ओळख

बीचच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव ‘फॅगस’. ओक आणि चेस्टनट हे त्याचे कुलबंधू. युरोपातील जात ‘फॅगस सिल्व्हाटिका’ आणि जपानमधील प्रमुख जात ‘फॅगस क्रेनाटा’. जपानी भाषेत तिला ‘बुना’ म्हणतात. अरण्यात हे वृक्ष ३० मीटर व त्याहूनही उंच वाढतात आणि शतकानुशतके जगतात. उत्तर जपानमधील आओमोरी आणि आकिता या प्रांतांच्या सीमेवर पसरलेल्या शिराकामी-सांची या बुनाच्या प्राचीन अरण्याला १९९३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. युरोपातील आदिम बीच-वनांचा या यादीतील समावेश २००७ पासून टप्प्याटप्प्याने होत गेला असून आता त्यांत १८ देशांतील वने आहेत.

भारतीय वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे नदीकाठी आणि रस्त्याच्या कडेला सर्रास आढळणाऱ्या करंजाला इंग्रजीत ‘इंडियन बीच’ असे नाव आहे. हे साम्य नावापुरतेच. करंज हा शेंगा धरणारा, वाटाणा-हरभऱ्याच्या कुळातील वृक्ष. खऱ्या बीचशी त्याचे कोणतेही नाते नाही. त्यामुळे रोपवाटिकेत ‘इंडियन बीच’ या नावाने रोप मिळाले, तर त्याला पुढील सूचना लागू पडत नाहीत.

युरोपीय की जपानी?

बोन्सायसाठी दोन्ही जाती वापरल्या जातात. युरोपीय बीचची पाने साधारण ५ ते १० सेंटिमीटर लांब, कडा किंचित लहरदार. कोवळी असताना त्यांच्या कडेला रेशमी लव असते. पाने मोठी असल्याने ही जात मध्यम आणि मोठ्या आकाराच्या बोन्सायला अधिक शोभते. तिचा मोठा गुण म्हणजे सुलभता. ब्रिटन आणि पश्चिम युरोपात बीचचे कुंपण लावण्याची जुनी प्रथा आहे, त्यामुळे तेथील रोपवाटिकांत कुंपणासाठीची रोपे स्वस्तात मिळतात. वर्षानुवर्षे छाटले गेलेले जुने कुंपण काढले जाते, तेव्हा त्यातून जाड बुंध्याची झाडेही हाती लागतात.

जपानी बुनाची पाने लहान, फांद्या बारीक आणि खोड वयानुसार पांढुरके होत जाणारे. हा पांढरा बुंधा हेच तिचे वैभव. ते खुलवण्यासाठी हिवाळ्यात झाड सुप्त असताना चुना आणि गंधक यांचे सौम्य द्रावण ब्रशने खोडावर लावण्याची पद्धत आहे. त्यामुळे साल उजळते आणि सालीत दडलेल्या किडी व बुरशी यांनाही आळा बसतो. द्रावण मातीत ओघळू नये म्हणून लावताना कुंडीचा पृष्ठभाग झाकून घ्यावा लागतो.

एका कळीत वर्षभराची वाढ

बीचची पर्णकळी लांबट, टोकदार आणि तपकिरी असते. ती उन्हाळ्यातच तयार होते. पुढच्या वसंतात बाहेर पडणारी डहाळी, तिच्यावरील पाने, त्यांचा क्रम हे सारे या कळीत आधीच घडी घालून ठेवलेले असते. वसंतात कळी उमलते, डहाळी सरसर लांबते आणि काही आठवड्यांतच थांबते. सशक्त झाडावर कधी उन्हाळ्यात दुसरी, तुलनेने थोडी पालवी येते. पण तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

यातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, या वर्षीच्या पालवीचे बळ गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातील निगेवर अवलंबून असते. दुसरी, जुन्या लाकडातून नवे अंकुर फुटण्याची बीचची क्षमता कमी आहे. सावलीत राहून वाळलेली खालची फांदी सहसा परत मिळत नाही. तिच्या जागी कलम करून नवी फांदी बसवावी लागते. तिसरी, बीचची सारी ओढ शेंड्याकडे असते. वरचे आणि बाहेरचे भाग जोमाने वाढतात आणि आतील फांद्यांचे ऊन अडवतात. शेंड्याचा जोर आवरून आतील व खालच्या फांद्या जिवंत ठेवणे हे बीच जोपासणाऱ्याचे मुख्य काम आहे.

पालवी खुडण्याची वेळ

उत्तर गोलार्धातील थंड प्रदेशात बीचच्या कळ्या साधारण एप्रिल ते मेच्या आरंभी उमलतात. डहाळी बाहेर पडताना मऊ, लोंबती असते आणि पंख्यासारखी मिटलेली पाने एकामागून एक सुटतात. पहिली दोन पाने दिसू लागली की पुढचे मिटलेले टोक बोटांनी किंवा चिमट्याने अलगद खुडावे. टोक पूर्ण उलगडण्याची वाट पाहिली, तर दोन पानांतील अंतर वाढून जाते आणि डहाळी लांबलचक होते. मग कात्रीने कापूनही ते अंतर कमी होत नाही.

सर्व कळ्या एकाच दिवशी उमलत नाहीत. शेंड्याकडील आणि आतील कळ्यांच्या उमलण्यात काही दिवसांचा फरक पडतो. म्हणून या काळात रोज सकाळी झाडाची पाहणी करणे अपरिहार्य ठरते. जोमदार भागात दोन पाने राखून खुडावे, मध्यम भागात तीन राखावीत आणि आतील दुर्बल डहाळ्यांना हात लावू नये. ज्या झाडाचा सांगाडा अजून घडायचा आहे, बुंधा किंवा फांदी जाड करायची आहे, त्या झाडाची पालवी खुडूच नये. वाढू दिलेली डहाळीच लाकूड जाड करते. खुडणी ही घडलेल्या झाडाच्या शेवटच्या फांद्या नाजूक ठेवण्यासाठी असते.

पानांची विरळणी

जूनच्या सुमारास पाने पुरती कडक होतात. या वेळी झाडाचा बाहेरील पर्णसंभार दाट झालेला असतो आणि आत अंधार पडतो. अशा वेळी बाहेरील व शेंड्याकडील मोठी पाने कात्रीने अर्धी करतात, किंवा प्रत्येक डहाळीवरील दोनपैकी एक पान देठ राखून कापतात. आत ऊन-वारा पोहोचला की आतील कळ्या बळावतात.

सर्व पाने काढून टाकण्याची रीत मेपलच्या झाडांसाठी वापरली जाते. बीचवर तिचा वापर फार जपून करावा लागतो. अगदी निरोगी, भरपूर खत मिळालेले झाडच हा ताण सोसते. आणि तेही दरवर्षी नव्हे. अशक्त झाडाची किंवा त्याच वर्षी कुंडी बदललेल्या झाडाची सर्व पाने काढणे धोक्याचे असते. हातची पालवी गेल्यावर बीचकडे पुरेसा राखीव साठा उरेलच असे नाही.

माती, कुंडी आणि कुंडीबदल

बीचची मुळे बारीक आणि उथळ पसरणारी असतात. त्यांना ओलावा हवा, पण साचलेले पाणी चालत नाही. जपानमध्ये यासाठी ‘अकादामा’ ही भाजल्यासारखी दिसणारी दाणेदार माती वापरतात. तिच्यात प्यूमिस किंवा लाव्हाचे खडे मिसळले की निचरा चांगला होतो. बारीक चाळ काढून टाकणे महत्त्वाचे, कारण तीच तळाशी बसून निचरा बंद करते.

कुंडी बदलण्याची योग्य वेळ म्हणजे वसंताच्या तोंडावर कळ्या फुगू लागतात, पण उमललेल्या नसतात, तो काळ. कोवळ्या झाडाची कुंडी २ ते ३ वर्षांनी आणि जुन्या झाडाची ३ ते ५ वर्षांनी बदलावी. मुळांचा साधारण एक तृतीयांश भाग कमी करता येतो. खाली जाणारी जाड मुळे कापावीत आणि बुंध्याभोवती चारी बाजूंनी पसरलेली मुळे राखावीत. बुंध्याचा पसारा त्यांच्यावरच उभा राहतो. मातीत पांढऱ्या तंतूंचे जाळे दिसले, तर घाबरण्याचे कारण नाही. ती मायकोरायझा ही उपकारक बुरशी असून मुळांना पाणी व खनिजे मिळवून देते. जुन्या मातीचा थोडा अंश तसाच ठेवला की ती नव्या मातीतही पसरते.

कुंडी उथळ, लंबगोल किंवा आयताकृती घ्यावी. पांढुरक्या खोडाला फिकट निळ्या, दुधी किंवा राखाडी झिलईची कुंडी शोभते.

पाणी आणि ऊन

पालवी फुटल्यापासून शरद ऋतूपर्यंत बीचची माती पूर्ण सुकू देऊ नये. कडक उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी द्यावे लागते. पाण्याची कमतरता आधी पानांच्या कडांवर दिसते: कडा तपकिरी होऊन कुरकुरीत होतात. एकदा करपलेले पान सुधारत नाही आणि त्या वर्षी त्याच्या जागी नवे पानही सहसा येत नाही. म्हणून उन्हाळ्यात सकाळचे ऊन आणि दुपारची सावली हा उत्तम योग. सावलीइतकाच गरम, कोरड्या वाऱ्यापासून आडोसाही आवश्यक आहे.

युरोपीय बीच चुनखडीच्या डोंगरांवरही वाढतो. तरी कुंडीतील मर्यादित मातीत जड पाण्यातील क्षार साचत जातात, म्हणून शक्य तेथे पावसाचे पाणी वापरणे चांगले.

खत

घडलेल्या झाडाला वसंतात भरपूर खत दिले, तर पाने मोठी होतात आणि डहाळ्या लांबतात. म्हणून पालवी कडक होईपर्यंत हात आखडता ठेवावा आणि त्यानंतर शरद ऋतूपर्यंत नियमित खत द्यावे. याच काळात पुढील वर्षाच्या कळ्या भरत असतात. जपानमध्ये यासाठी तेलबियांच्या पेंडीच्या वड्या मातीवर ठेवतात. त्या पाण्याबरोबर सावकाश विरघळतात. कोवळ्या, वाढीस लावलेल्या रोपांना मात्र वसंतापासूनच खत द्यावे.

छाटणी आणि तार

मोठ्या फांद्यांची छाटणी झाड सुप्त असताना करतात. बीचच्या जखमा सावकाश भरतात. काप स्वच्छ, किंचित खोलगट घेऊन त्यावर लेप लावावा. देवदार किंवा जुनिपरच्या बोन्सायवर दिसणारी वाळक्या लाकडाची सजावट बीचवर सहसा करत नाहीत, कारण त्याचे लाकूड लवकर कुजते.

बीचची साल पातळ आणि गुळगुळीत असते. तिच्यावर तारेचा वळ उठला, तर तो अनेक वर्षे पुसला जात नाही. तार ॲल्युमिनियमची वापरावी, ती सैलसर गुंडाळावी आणि वसंतातील वाढीच्या काळात दर आठवड्याला तपासावी. काढताना ती उलगडू नये. तुकडे करून काढावी. जाड फांदी वाकवण्यापेक्षा दोऱ्याने ताण देऊन हळूहळू खाली ओढणे अधिक सुरक्षित.

हिवाळा

कोवळ्या बीचची पाने शरदात तांबूस होऊन वाळतात, पण गळत नाहीत. वसंतात नव्या कळ्या फुगेपर्यंत ती फांद्यांना धरून असतात. हिवाळ्याच्या अखेरीस ती काढायची झाल्यास ओढून तोडू नयेत. देठाच्या बगलेत कळी असते आणि ओढल्यास तीही निघून येते. कात्रीने देठ राखून कापावे.

बीच थंडी सोसतो. परंतु उथळ कुंडीतील मुळे जमिनीतील मुळांपेक्षा अधिक उघडी असतात. कडाक्याच्या गोठणकाळात कुंडी जमिनीत पुरतात किंवा थंड शेडमध्ये ठेवतात. घरातील उबदार खोलीत ठेवणे ही नवख्यांकडून होणारी सर्वांत घातक चूक. झाडाला विश्रांतीसाठी थंडी लागते, फक्त मुळे गोठून जाऊ नयेत. याउलट, पालवी फुटल्यावर येणारे उशिराचे दहिवर एका रात्रीत कोवळी पाने काळी करून टाकते. त्या दिवसांत रात्री झाड आडोशाला हलवावे.

कीड आणि रोग

पानांच्या खालच्या बाजूला कापसासारखा पांढरा मावा दिसतो. प्रमाण थोडे असेल, तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढणे पुरते. खोडावरील पांढरी खवले कीड अधिक घातक आहे, कारण तिने केलेल्या छिद्रांतून बुरशी शिरते आणि साल मरू लागते. मऊ ब्रशने ती घासून काढावी. दमट हवेत पानांवर भुरी येते. मोकळी हवा हा तिच्यावरील पहिला उपाय.

अलीकडचे मोठे संकट म्हणजे बीचचा पर्णरोग. २०१२ मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यात तो प्रथम लक्षात आला आणि तेथून ईशान्य अमेरिका व कॅनडातील अरण्यांत पसरला. एका सूक्ष्म सूत्रकृमीमुळे कळ्यांना इजा होते आणि पानांच्या शिरांमध्ये गडद हिरवे पट्टे उमटतात. त्या देशांत बीचची रोपे एका भागातून दुसऱ्या भागात नेताना सावधगिरी बाळगावी लागते, ती या रोगामुळे.

रोपापासून वनराजीपर्यंत

बीचचे बी पेरण्यापूर्वी काही महिने ओलसर थंडीत ठेवावे लागते. त्याशिवाय ते रुजत नाही. फांदी खोवून रोप करणे अवघड जाते. त्यामुळे बहुतेक जण रोपवाटिकेतील २-३ वर्षांच्या रोपांपासून आरंभ करतात. बुंधा जाड करण्यासाठी रोप काही वर्षे जमिनीत वाढवतात आणि मग कुंडीत घेतात. बघण्याजोगे झाड तयार होण्यास दोन दशके सहज लागतात.

इतका काळ थांबणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी ‘योसे-उए’ म्हणजे वनराजी हा सुंदर मार्ग आहे. एका पसरट कुंडीत ५, ७ किंवा ९ अशी विषम संख्येने रोपे लावतात. सर्वांत उंच व जाड रोप मुख्य, बाकीची त्याच्याभोवती कमी होत जाणाऱ्या उंचीची. कोणतीही तीन रोपे एका रेषेत येऊ नयेत याची काळजी घ्यावी. निसर्गातही बीच दाट समूहाने वाढतो, त्यामुळे बारीक बुंध्यांची रोपेही काही वर्षांतच एखाद्या अरण्याचा तुकडा वाटू लागतात.

टोकियोजवळील ओमिया येथील बोन्साय वसाहत १९२५ मध्ये वसली. १९२३ च्या भीषण भूकंपानंतर स्वच्छ पाणी, हवा आणि मोकळी जागा यांच्या शोधात राजधानीतील माळी तेथे स्थलांतरित झाले होते. २०१० मध्ये तेथे बोन्सायला वाहिलेले सार्वजनिक कलासंग्रहालय सुरू झाले. पिढ्यान्‌पिढ्या एका हातातून दुसऱ्या हाती गेलेली झाडे पाहण्याची सोय त्या परिसरात आहे.

गोव्यात बीच वाढेल का?

याचे उत्तर नकारार्थी आहे. बीचला हिवाळ्यात कित्येक आठवड्यांची सलग थंडी लागते. पणजीत जानेवारीतही रात्रीचे तापमान साधारण २० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. विश्रांती न मिळालेल्या झाडाच्या कळ्या अर्धवट उमलतात, पाने करपतात आणि साठा संपला की झाड मरते. बेळगावची थंडी गोव्यापेक्षा अधिक असली, तरी ती बीचला पुरणारी नाही. हिमालयातही हा वृक्ष नैसर्गिकरीत्या आढळत नाही. शीतकपाटात ठेवून बी रुजवता येते. पण प्रत्येक वर्षी हिवाळा निर्माण करणे घरगुती साधनांनी शक्य नसते. ऑनलाइन विक्रीतील ‘बीच बोन्सायचे बी’ घेण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. शिवाय परदेशातून बी किंवा रोप आणण्यास २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते.

ब्रिटन किंवा जर्मनीत स्थायिक झालेल्या गोमंतकीयांना मात्र बागेच्या कुंपणातील एखाद्या रोपापासून आरंभ करता येईल. येथे राहणाऱ्यांनी नांद्रुक, वड किंवा चिंच निवडावी. नांद्रुक उष्ण, दमट हवेत वर्षातून अनेकदा पालवतो, जुन्या लाकडातून सहज अंकुर फोडतो आणि चुकलेली छाटणी काही आठवड्यांत भरून काढतो. पावसाळ्यात कुंडीचा निचरा तेवढा सांभाळावा लागतो. बीचपासून घेण्यासारखी बाब आहे ती निरीक्षणाची. हाताशी असलेले झाड कधी पालवते, कधी थांबते, जोर कोठे लावते आणि आतल्या फांद्यांना ऊन मिळते का, याची एक वर्षभर नोंद ठेवावी आणि मगच कात्री हाती घ्यावी.